दीपमालाबाईंनी नाव घेतलं

ज्या संध्याकाळी दीपमालाबाईंना खुनी कोण ते कळलं, त्याच संध्याकाळी त्यांची वाचा गेली.

खून टीव्हीतला होता, वाचा मात्र खरीच गेली. 'सहावी खुर्ची' ही मालिका त्या वर्षी घरोघरी चालू होती. डोंगरावरचा एक बंगला, जेवणाच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या, आणि सहाव्या खुर्चीवरचे आबासाहेब दुधाचा पेला तोंडाला लावतात अन् तिथंच मान टाकतात. दुधात विष कोणी घातलं, एवढाच प्रश्न. त्या एका प्रश्नावर मालिकावाल्यांनी पावसाळा काढला, दसरा काढला, दिवाळीही काढली. आबासाहेबांची दुसरी बायको मोहिनी, पुतण्या कुणाल, घरचा डॉक्टर, सगळ्यांवर आळीपाळीनं संशय येऊन गेला. आला नाही तो एकट्या पुरुषोत्तमवर. पुरुषोत्तम म्हणजे आबासाहेबांचा बालमित्र. पांढऱ्या केसांचा, मऊ आवाजाचा, बंगल्यातल्या गुलाबांना पाणी घालणारा. शिवाय त्या रात्री तो जेवायला नव्हताच.

त्या संध्याकाळच्या भागात खुनाची रात्र पुन्हा दाखवली. बंगल्यातला गडी पुरुषोत्तमला फोन करतो. "साहेब गेले, लवकर या." पुरुषोत्तम "अरे देवा!" म्हणतो, धावत येतो आणि "आबा, आबा" करत पायरीवरच कोसळतो. पुढं जाहिराती लागल्या.

दीपमालाबाई सोफ्यावर ताठ झाल्या. त्या बंगल्यात साहेब दोन होते. आबासाहेब धडधाकट, आणि त्यांचे थोरले भाऊ दादासाहेब माडीवर अंथरुणाला खिळलेले, आज जातात की उद्या. "साहेब गेले" म्हटल्यावर जगातला कोणीही माणूस दादासाहेबच गेले असं समजला असता. निदान "कोणते?" एवढं तरी विचारलं असतं. पुरुषोत्तमनं विचारलं नाही. त्याला आधीच माहीत होतं.

असल्या बाबतीत त्यांचा कान तयार होता. सगळी नोकरी टेलिफोनच्या खात्यात झालेली. ट्रंक कॉलच्या जमान्यात डोक्याला हेडफोन लावून, बोर्डातल्या दोऱ्या इकडच्या तिकडं खोचत त्यांनी मरणाचे किती निरोप पोचवले, त्याला गणती नाही. निरोप ऐकणारा माणूस रडायच्या आधी "कोण?" म्हणतो. नेहमी म्हणतो.

त्यांनी मोबाइल उचलला आणि अकोल्याला शहाजादीला लावला. शहाजादी म्हणजे त्याच बोर्डावरची शेजारच्या खुर्चीतली मैत्रीण. दोघी एकाच साली अकोल्याच्या एक्स्चेंजला लागल्या होत्या. लग्नानंतर दीपमालाबाईंची बदली अमरावतीला झाली तेव्हा लोकांना वाटलं, संपली मैत्री. पण या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरी, लाईन दोघींच्याच हातात. त्यांची मैत्री उलट वाढली. पुढं बोर्ड गेले, बटणं आली, नवरे रिटायर झाले, दीपमालाबाईंचे देवमनराव तर जगातूनच गेले. गप्पा काही थांबल्या नाहीत. मालिका सुरू झाल्यापासून तर रोज भाग संपला की फोन ठरलेला, आणि फोनवर भांडण ठरलेलं. शहाजादीचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, मोहिनीनंच नवऱ्याले मारलं.

"अवो शहाजादी," दीपमालाबाई घाईनं म्हणाल्या, "मले समजलं कोन हाये थो!"

"कोन वं? मोहिनीच ना?"

"मोहिनी कायची! अवो, थो..."

आणि नाव आलं नाही. डोळ्यांसमोर तो पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता, नाव जिभेच्या टोकावर होतं, पण तोंडातून निघालं ते "पानी".

"काय?"

"पानी... पानी."

"दीपमाला, पानी काय? कोन हाये ते सांग."

"पानी," दीपमालाबाई म्हणाल्या, आणि मोबाइल उजव्या हातातून मांडीवर पडला.

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, बाईला तहान लागली असेल. शहाजादीनं तो आवाज ऐकला. शब्द ओळखीचा होता, आवाज ओळखीचा नव्हता. तिनं तो फोन चालूच ठेवला आणि नवऱ्याच्या, रहमतुल्लांच्या मोबाइलवरून अश्विनला लावला.

"अश्विन, तू कुठं असशील तिथून घरी पोच. तुया आईले लकवा मारून राह्यला. मले विचारू नको कसं समजलं, पयले गाडी काढ."

अश्विन विजेच्या ऑफिसातून निघतच होता. तो सुटला तो थेट घरी आणि घरून थेट दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अजून उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो.

जीव वाचला, पाय वाचला, हातही हळूहळू उचलता येऊ लागला. तोंडाची उजवी बाजू जरा उतरली ती उतरलीच. आणि शब्द गेले. गेले म्हणजे डोक्यातून नाही. डोक्यात सगळं जिथल्या तिथं होतं. कोण काय बोलतं ते कळत होतं, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पुसताना सुनेनं, भावनानं तो तिरपा लावला हे दिसत होतं, डाळीला मीठ कमी पडलंय हे समजत होतं. पण मीठ म्हणायला तोंड उघडावं तर बाहेर यायचं "पानी". अश्विनला हाक मारायची तर "पानी". रडू आलं तरी "पानी". भावना बिचारी पहिल्या आठवड्यात तांब्या घेऊन नुसती धावत होती.

आणि त्या सगळ्या बंद दाराआड एक नाव अडकून पडलं होतं. पुरुषोत्तम.

लिहायला जावं तर अक्षरंही जुळत नव्हती. बोट मात्र दाखवता आलं असतं. टीव्हीवर तो दिसला की बोट दाखवायचं, झालं. पण भांडण घरातल्यांशी नव्हतं, शहाजादीशी होतं, आणि फोनवर बोट दिसत नाही. व्हिडिओ कॉल दीपमालाबाईंनी हात हलवून साफ नाकारला होता, तिरपं तोंड शहाजादीला दाखवायला त्या तयार नव्हत्या. शिवाय त्यांना स्वतःलाच ते मंजूर नव्हतं. आयुष्यभर आवाजावर भाकरी कमावलेल्या बाईनं मुक्यासारखं बोट दाखवायचं? नाव तोंडानं सांगायचं, आणि मालिकेनं सांगायच्या आधी सांगायचं. नंतर सांगून काय उपयोग? नंतर तर कोणीही सांगतं.

पण झालं भलतंच. दवाखान्यातून आल्याच्या पहिल्या सोमवारी आठ वाजता त्यांनी रिमोटकडे हात केला, तर अश्विननं रिमोट उचलून कपाटावर ठेवला.

"आई, थे सिरियल बंद. डॉक्टरनं टेन्शन घ्यायचं नाई सांगितलं. तुमचं बीपी त्याच्यानंच वाढलं. भजन पाहा, निसर्गाचं पाहा."

मग टीव्हीवर हरणं आली. हरणं पाणी पिऊ लागली. दीपमालाबाईंनी हरणांकडे पाहिलं, मग लेकाकडे असं पाहिलं की तो उठून आत गेला. लेकाचं प्रेम त्यांना कळत नव्हतं असं नाही. तो रोज सकाळी त्यांच्या वेणीची गाठसुद्धा नीट मारायला शिकला होता. पण प्रेमानं तोंड बांधलं तरी ते बांधलेलंच.

शहाजादी मात्र रोज फोन करत होती. साडेआठ वाजले की रिंग. फोन स्पीकरवर लावून भावना त्यांच्या उशाशी ठेवायची, आणि शहाजादी एकटीच बोलायची. पण मालिकेबद्दल चकार शब्द नाही. अश्विननं तिलाही बजावलं होतं. ती गुडघ्यांबद्दल बोलायची, कापसानं भरलेल्या गाड्यांनी रस्ता कसा अडवला ते सांगायची, रहमतुल्लांनी चहात साखरेऐवजी मीठ कसं घातलं ते सांगायची. दीपमालाबाई ऐकत आणि शेवटी "पानी" म्हणत. शहाजादी म्हणायची, "हो वं, मले समजलं." काय समजलं ते देवालाच ठाऊक.

बोलायला शिकवायला रागिणी नावाची एक मुलगी घरी येऊ लागली. स्पीच थेरपीवाली. हसरी, चष्मेवाली, नागपूरला शिकलेली. ती टेबलावर वस्तू मांडायची.

"आजी, हा काय आहे? च... चम..."

दीपमालाबाई चमच्याकडे बघायच्या. त्यांना चमच्यात काही रस नव्हता. चमचा बोलून कोणाचं भलं झालंय? त्या तोंड मिटून बसायच्या आणि रागिणी वहीत काहीबाही टिपून जायची. दोन आठवडे असेच गेले.

मग एका दुपारी रागिणी बसलेली असताना शहाजादीचा फोन अवेळी वाजला. भावना ऑफिसला होती, अश्विन आंघोळीला. रागिणीनं मोबाइल उचलून दीपमालाबाईंच्या कानाला लावला. कानाला थंड काच लागली, पलीकडून "हॅलो" आलं, आणि दीपमालाबाईंच्या तोंडून सरळ, स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात निघालं:

"नंबर प्लीज."

पलीकडे शहाजादी किंचाळली. "या अल्ला! दीपमाला! अजून एक बार बोल!"

"नंबर प्लीज," दीपमालाबाई म्हणाल्या. आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अश्विन टॉवेल गुंडाळून धावत बाहेर आला.

रागिणी खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. "हे असं होतं," ती त्याला सांगू लागली. "हजारदा म्हटलेलं वाक्य आपोआप येतं. मला एक सांगा, आजींना सगळ्यात जास्त कशाबद्दल बोलावंसं वाटतं?"

रागिणीनं फोन स्पीकरवर टाकला. स्पीकरवरून शहाजादी बोलली, "मी सांगू? थे सिरियल. कोन खुनी हाये थे तिले सांगायचं व्हतं, तवाच तर झटका आला. थ्या पोट्ट्यानं सिरियल बंद करून ठेवली."

"मावशी, बीपी..." अश्विन म्हणाला.

"बीपी मशीन बाजूला ठेवा आणि मालिका लावा," रागिणी म्हणाली. "चमच्यासाठी माणूस धडपडत नाही, दादा. ज्याच्यासाठी जीव तळमळतो त्याच्यासाठी धडपडतो."

त्या संध्याकाळी हरणं गेली आणि बंगला परत आला.

मधले भाग भावनानं मोबाइलवर दाखवून टाकले. अश्विन शेजारी बसून दर जाहिरातीला दंडावर पट्टा आवळायचा. आकडा थोडा वर जायचा, थोडा खाली यायचा. पण चेहऱ्यावर जे यायचं ते मशीनवर दिसत नव्हतं. पुरुषोत्तम गुलाबाला पाणी घालायला आला की दीपमालाबाई दात आवळत. कुणालवर संशय आला की त्या तुच्छतेनं मान उडवत. इन्स्पेक्टरबाई चुकीच्या दारात उभी राहिली की कपाळावर हात मारत, आणि तो हात उजवा होता हे आधी भावनाच्या लक्षात आलं, मग त्यांच्या स्वतःच्या.

आता सराव सुरू झाला. रागिणीसमोर चमचा, वाटी, ताट. आणि न्हाणीघरात, दार लावून, नळ सोडून, पुरुषोत्तम. नाव तरी कसलं! श्याम नाही, मधू नाही, पुरुषोत्तम. खुन्याला नाव देताना मालिकावाल्यांनी लकवा मारलेल्या बायांचा विचारच केला नव्हता. आधी नुसतं "पु" जमलं. तेच म्हणत त्या बाहेर आल्या, आणि भावनाला पाहून जोर लावला तर "पुरी" निघालं.

"पुरी? आई, पुरी खायची?" भावनाच्या डोळ्यांत आनंद मावेना. पाणी नाही, नंबर नाही, नवा शब्द! तिनं ऑफिसला अर्धी रजा टाकली, कणीक मळली आणि पुऱ्यांचा ढीग लावला. दीपमालाबाईंनी सुनेचं मन मोडायचं नाही म्हणून चार खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात त्यांचं तोंड "पुर" पर्यंत गेलं आणि "पुरन" होऊन परत आलं. झाली, पुरणपोळी झाली. तूप घालून. शहाजादीनं फोनवर ऐकलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. "लय चांगला लकवा हाये तुया. माह्या घरी पाठव."

फोनवर आता परत भांडण होऊ लागलं होतं, एका बाजूनं. "मोहिनीच हाये, लिहून घे," शहाजादी म्हणायची. दीपमालाबाई "च्च" करायच्या. "च्च काय? बोल ना मंग! कोन हाये सांग!" इतर सगळे त्यांच्याशी लहान लेकरासारखं हळू, गोड बोलत. एकटी शहाजादी तशीच्या तशी भांडत होती. दीपमालाबाईंना त्या एका फोनमध्येच आपण अजून आपण आहोत असं वाटायचं.

शेवटचा आठवडा लागला. शनिवारी पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग. आणि शुक्रवारच्या भागात इन्स्पेक्टरबाईनं मोहिनीच्या हातात बेड्या घातल्या. दुधाच्या पेल्यावर तिचे ठसे, कपाटात विषाची पुडी. मोहिनी रडली, ओरडली, पोलिसांच्या गाडीत बसली. पुरुषोत्तमनं गाडीमागं बघत डोळे टिपले.

भाग संपायच्या आत फोन वाजला. "काय वं! काय म्हनलं व्हतं मी? जिंकली का नाई? सहा महिने झाले बोंबलून राह्यली, मोहिनी, मोहिनी! आता हार मान!"

दीपमालाबाईंचे कान तापले. अश्विन पट्टा घेऊन पुढं सरकला, तो त्यांनी डाव्या हातानं बाजूला सारला. फोन तोंडाशी ओढला.

"नाही!"

हा शब्द कोणी शिकवला नव्हता, आपोआपही आला नव्हता. हवा होता तो आला होता.

"नाही," त्या परत म्हणाल्या. "नाही, नाही, नाही!"

"मंग कोन?" पलीकडून शहाजादी. तो शब्द तिनंही ऐकला होता, पण तिनं भांडण सोडलं नाही. "उद्याच्या आत सांग, नाईतर हारली तू!"

दीपमालाबाईंनी "पु" म्हटलं, आणि गाडी तिथंच अडकली. त्यांनी फोन ठेवला. मग सुनेकडे वळून हातानं गाडीचं चाक फिरवल्याची खूण केली आणि म्हणाल्या, "अको..."

"अकोला?" भावना म्हणाली.

मान हलली.

"आई, डोकं फिरलं का?" अश्विन उठला. "शंभर किलोमीटरचा प्रवास? तुमी अजून फाटकाबाहेर गेल्या नाई. मले उद्या ड्युटी हाये. एका सिरियलपायी..."

"सिरियलपायी नाई," भावना म्हणाली. ती सहसा नवऱ्याला मध्ये तोडत नसे. "झटका आल्यापासून आईनं पहिल्यांदा कुठं जायचं म्हटलं. गाडी मी चालवतो. मले येते चालवता."

अश्विननं रागिणीला फोन करून पाहिला, डॉक्टरांना करून पाहिला. त्याला वाटलं होतं दोघंही नको म्हणतील. दोघांनी जाऊ द्या म्हटलं, डॉक्टरांनी फक्त औषधं आणि थांबत थांबत जाण्याची अट घातली. मग त्यानं स्वतःच चाकांतली हवा तपासली.

शनिवारी दुपारी त्या निघाल्या. दीपमालाबाईंनी मोरपंखी लुगडं काढायला लावलं होतं, रिटायरमेंटच्या समारंभात नेसलेलं. बडनेरा मागं पडलं, मग दोन्ही बाजूंनी पांढरी फुटलेली कपाशी सुरू झाली. खिडकीची काच खाली होती. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्या रस्त्यावरच्या पाट्या वाचत होत्या. वाचता येत होतं म्हणजे पूर्ण नव्हे, पण मूर्तिजापूर आलं ते त्यांनी पाटीवरून ओळखलं. तिथं भावनानं चहा घेतला. दीपमालाबाईंनी पेला उजव्या हातात धरला. थोडा लुगड्यावर सांडला, सांडू दे. पुढं बोरगाव मंजूपर्यंत त्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या, आणि भावना रस्त्यावरची नजर न हलवता ऐकत होती. सासू काय म्हणतेय ते तिला आता कळून चुकलं होतं. पुरी नव्हती, पुरणही नव्हतं. पण ती काही बोलली नाही. ते नाव तिनं उच्चारलं असतं तर सासूच्या तोंडचा घास हिरावून घेतल्यासारखं झालं असतं.

अकोल्याच्या अकोट फैल भागात शहाजादीचं घर. ती गुडघ्यांवर हात टेकत फाटकापर्यंत आली. दीपमालाबाई गाडीतून उतरल्या आणि पदरानं तोंडाची उजवी बाजू झाकू लागल्या. शहाजादीनं त्यांचा हात धरून पदर खाली ओढला, तोंड नीट पाहिलं आणि म्हणाली, "एवढंच? मी समजली, काय झालं न काय नाई. माह्या गुडघ्याकडे पाह्य, तो जास्त वाकडा हाये." मग दोघी फाटकातच गळ्यात पडून रडल्या. रहमतुल्लाभाई मागं उभे राहून "अरे आत तर या" म्हणत राहिले.

आठला सगळे टीव्हीसमोर. रहमतुल्लाभाईंची नात माहेनूर कॉलेजच्या दोन पोरी घेऊन आली होती. शेजारच्या सत्यवतीबाई स्वतःच्या घरी मोठा टीव्ही असून इथं आल्या होत्या. एकटीनं भीती वाटते म्हणे.

भाग सुरू झाला. मोहिनी कोठडीत. इन्स्पेक्टरबाई बंगल्यात एकटी, रिकाम्या खुर्च्यांभोवती फिरते आहे. तिला काहीतरी खुपतंय. ती त्या गड्याला बोलावते. "त्या रात्री फोनवर तू नेमकं काय म्हणालास?" गडी म्हणतो, "एवढंच की साहेब गेले." इन्स्पेक्टरबाई थांबते. तिचे डोळे हळूहळू मोठे होतात. ती वळते, आणि...

जाहिराती.

खोलीत आरडाओरडा झाला. माहेनूर म्हणाली, "अरे यार!" रहमतुल्लाभाई म्हणाले, "डॉक्टरच हाये, मी सांगतो." शहाजादी आपल्या जागेवरून हलली नव्हती. ती टीव्हीकडे बघतच नव्हती. मैत्रिणीकडे बघत होती.

"बोल," ती म्हणाली. "आता जाहिराती हायेत. आता बोलली तर बोलली."

दीपमालाबाई उभ्या राहिल्या. भावना आधाराला उठणार होती, तशीच बसली. टीव्हीवर कोणीतरी साबण विकत होतं. माहेनूरनं आवाज बंद केला.

"पु," दीपमालाबाई म्हणाल्या.

कोणी हललं नाही.

"पुरी... नाही!" त्यांनी स्वतःवरच हात उगारला, शब्द झटकून टाकल्यासारखा. श्वास घेतला. "पुरु. पुरु... शो."

सत्यवतीबाईंच्या ओठांवर ते नाव येऊ लागलं, शहाजादीनं त्यांच्या मांडीवर असा चिमटा काढला की त्यांनी ओठ मिटले.

"पुरु-शोत," दीपमालाबाई म्हणाल्या. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, कपाळावर घाम होता. टीव्हीत साबण संपून मसाला सुरू झाला. त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांआड तो म्हातारा गुलाबापाशी उभा होता आणि या वेळी त्या त्याला सोडणार नव्हत्या.

"पुरुषोत्तम!"

घरभर आवाज घुमला. मागच्या खोलीतलं भांडं पडलं की काय असं वाटलं. "पुरुषोत्तम!" त्या परत म्हणाल्या, मग परत, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोकळं. "पुरुषोत्तम! पुरुषोत्तम हाये थो!"

"अवो, पन थो तर जेवाले नव्हता..." शहाजादी बोलायला गेली, आणि मसाला संपला.

इन्स्पेक्टरबाई पायऱ्या उतरून बागेत आली. गुलाबांपाशी एक माणूस पाठमोरा वाकला होता. "घरात साहेब दोन होते," ती त्या पाठीला म्हणाली. "तुम्ही कोणते, असं विचारलं का नाहीत?" माणसाच्या हातातली झारी थांबली. तो हळूच वळला. पांढरे केस, मऊ चेहरा. दुपारीच मधाच्या बाटलीत विष मिसळून गेला होता तो, तोच मध रात्री दुधात पडला.

पुढं मालिकेत काय बोलले ते खोलीतल्या कोणालाच ऐकू गेलं नाही. माहेनूर आणि तिच्या मैत्रिणी पलंगावर चढून नाचत होत्या. सत्यवतीबाई दारात जाऊन गल्लीला ओरडून सांगत होत्या, "आमच्या अमरावतीवाल्या बाईनं ओयखलं! आधीच ओयखलं!" समोरच्या दुकानावरची माणसं काय झालं म्हणून उठून आली. रहमतुल्लाभाईंनी डॉक्टरचा पक्ष सोडून कपाटातली मिठाई काढली. भावनानं दंडाचा पट्टा पिशवीतून काढला, सासूकडे पाहिलं आणि परत पिशवीत ठेवून दिला.

शहाजादी उठली. मैत्रिणीसमोर उभी राहून तिनं दोन्ही कान पकडले. "हारली मी. पुरी हारली. आता सांग, समजलं कसं तुले?"

दीपमालाबाई खुर्चीवर बसल्या. सांगणं सोपं नव्हतं. एक शब्द यायचा, दोन वाटेत हरवायचे, तिसरा भलताच निघायचा, तो झटकून परत पहिल्यापासून. "फोन... आला. थो... नाही विचा... विचारलं. कोन." शहाजादी जमिनीवर पाय लांब करून बसली होती. पोरी पलंगावरून उतरून शेजारी बसल्या. आत बिर्याणीवरचं झाकण तसंच होतं, कोणी उठेना. कोणी एक शब्दही पुरवला नाही. दीपमालाबाईंना घाई नव्हती आणि त्यांना घाई करणारं खोलीत कोणी नव्हतं.

मध्येच भावनाचा मोबाइल वाजला. अश्विन. "आई कशी हाये? बीपी घेतलं का? जेवली का? बरी हाये ना?" काळजीनं त्याचा आवाज एवढा चढला होता की सगळ्या खोलीला ऐकू येत होता.

दीपमालाबाईंनी हात पुढं केला. भावनानं मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"अश्विन," त्या म्हणाल्या.

"आई?" पलीकडून आलं.

"मंग... फोन कर, बाबू. मी बोलून राह्यली."

आणि त्यांनी फोन ठेवला, शहाजादीकडे वळल्या, आणि जिथं थांबल्या होत्या तिथून पुढं सांगू लागल्या.